घरच्या गॅरेजमध्ये हॉट रॉड: आधी उघड्या पत्र्यात चालवा, रंगाचं नंतर बघू

गेल्या ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे इकडे अमेरिकेत डेट्रॉइटजवळ भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, माझी १९३० ची फोर्ड मॉडेल ए घेऊन गेलो होतो, तिथे तीन मराठी पोरं इंजिनपाशी उभी राहून अर्धा तास प्रश्न विचारत होती आणि सगळ्या प्रश्नांचा अर्थ एकच, की हे घरी खरंच जमतं का. जमतं. मला तीन हिवाळे लागले, दोन गाड्यांचं साधं गॅरेज आहे, लिफ्ट नाही, आणि मी आयुष्यात कधी बॉडीशॉपमध्ये काम केलेलं नाही. त्या गर्दीत उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही ते सगळं इथे लिहितोय, लांबण लागणार आहे पण घाईने सांगण्यासारखा हा विषयच नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अर्धवट सोडलेले हॉट रॉड इकडे विकायला भरपूर दिसतात आणि मी बघितलेल्या बहुतेकांची गोष्ट सारखीच होती, गाडी सुटी केली, बॉडी छान रंगवून आणली, इंजिनला क्रोम लावलं आणि मग जोडताना कळलं की गुडघा स्टेअरिंगला अडतोय किंवा एक्झॉस्टचा पाइप ब्रेकच्या नळीला चिकटतोय. आता त्या चकचकीत रंगवलेल्या चॅसीवर ग्राइंडर लावायला हात धजावत नाही, आणि गाडी तिथेच थांबते. म्हणून गाडी दोनदा बांधायची. पहिल्यांदा पूर्णपणे उघड्या लोखंडात, गंजलेली तर गंजलेली, सगळे पार्ट बसवून, इंजिन चालू करून, रस्त्यावर नेऊन. चुका सगळ्या तिथे काढायच्या. मग परत शेवटच्या बोल्टपर्यंत खोलायची आणि रंगवून जोडायची.

हॉट रॉड म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियातली पोरं तीसच्या दशकात जुन्या स्वस्त फोर्ड घ्यायची, मडगार्ड, बंपर, जे वजन वाढवतं ते सगळं काढून टाकायची, इंजिनात कारागिरी करायची आणि म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर किती वेग निघतो ते बघायची. १९३२ मध्ये फोर्डने २२१ क्युबिक इंचाचं ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ स्वस्तात आणलं आणि या प्रकाराला खरा जोर आला. १९३७ मध्ये या पोरांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, ती आजही आहे. म्हणजे मुळात हा गरिबाच्या गॅरेजमधलाच खेळ, भंगारातून चांगलं ते निवडून आपल्या हाताने जोडायचं. मला यातलं हेच आवडतं, कारण मी लहानपणी कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेच बघितलंय, काही मोडलं की नवीन आणण्याआधी लेथवाल्याकडे जायचं.

आता गाडी निवडणं. १९३२ ची फोर्ड सगळ्यांना हवी असते म्हणून तिची किंमत तशीच. १९२८ ते ३१ ची मॉडेल ए मात्र लाखोंनी बनली, अजून सापडते, आणि तिचे नवीन पार्ट आजही मिळतात. त्यातही रोडस्टर (पक्कं छत नसलेली) आणि कूप (लहान, बंद) महाग, टूडोर म्हणजे दोन दरवाजांची सेडान त्यामानाने स्वस्त, मी तीच घेतली. पहिल्याच गाडीला छत कापून बुटकं करायच्या भानगडीत पडू नका, खांब तिरके असतात, वरचा भाग खाली आणला की खालच्याशी जुळत नाही, काचा नवीन कापाव्या लागतात, त्यातच एक हिवाळा जातो.

पैसे देण्याआधी कागद बघा. मॉडेल एचा मूळ नंबर इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच चॅसीच्या डाव्या रेलवर, म्हणजे बाजूच्या लांब लोखंडी पट्टीवर, वरच्या बाजूला, बॉडीखाली झाकलेला. जुन्या टायटलवर (मालकीच्या कागदावर) बऱ्याचदा इंजिनचाच नंबर असतो आणि इंजिन मधल्या ऐंशी-नव्वद वर्षांत कधीतरी बदललेलं असतं, मग टायटलवर एक आणि चॅसीवर दुसराच. मी बॉडी उचलेपर्यंत थांबायला विकणाऱ्याला तयार केलं, वायर ब्रशने घासून नंबर बघितला, जुळला, मगच पैसे दिले. बदललेल्या गाडीच्या नोंदणीचे नियम प्रत्येक स्टेटचे वेगळे आहेत, मडगार्ड लागतात की नाही, तपासणी कोण करतं, हे सगळं पहिला पार्ट घ्यायच्या आधी विचारून घ्या. आणि पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्यांना एक स्पष्ट सांगतो, भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कडक धरलंय, कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. तिकडे हेच हात जुनी जीप किंवा फियाट मूळ रूपात आणण्यात वापरा, खालचं बरंचसं तिथेही उपयोगी पडेल.

गॅरेजबद्दल. इकडे बऱ्याच घरांत गॅरेजमध्येच गॅसचा वॉटर हीटर असतो, त्याची ज्योत आणि तुमचं पेट्रोल एका खोलीत, हे आधी डोक्यात घ्या. दोन अग्निशामक ठेवा, एक दाराशी आणि एक वेल्डिंगजवळ. गाडीखाली जायचं तर जॅक स्टँडवरच, नुसत्या जॅकवर कधीच नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही. वेल्डिंग करण्याआधी लोखंड पुसायला ब्रेक क्लीनर वापरू नका, क्लोरिनवाला असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेत त्यातून फॉसजीन नावाचा विषारी वायू निघतो आणि त्याने माणसाचा जीव जाऊ शकतो. ॲसिटोन वापरा, पूर्ण सुकू द्या, चिंधी बाहेर टाका. हत्यारं म्हणाल तर २२० व्होल्टचा मिग वेल्डर, दोन ग्राइंडर (डिस्क बदलत बसायला लागत नाही), ड्रिल प्रेस, इंजिन उचलायचा हॉइस्ट, मजबूत व्हाइस, बास. वेल्डिंग येत नसेल तर कम्युनिटी कॉलेजचा संध्याकाळचा कोर्स करा. मी केला. मशीनची सेटिंग बरोबर असली की भजी तळताना येतो तसा सलग चरचर आवाज येतो, फटफट तडतड आली तर थांबा. भंगारातल्या पट्ट्या जोडा, व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवा, जोड न तुटता पट्टी वाकली पाहिजे, असं दहा वेळा झाल्यावरच चॅसीला हात लावा.

आता मुख्य काम, आणि इथे मी जास्त थांबणार आहे. इंजिन आणू नका. सगळे आधी इंजिनच आणतात कारण मन तिथेच असतं. आधी चार चाकं आणा, जी शेवटी लावणार तीच, टायर घातलेली. हॉट रॉडचं सगळं सौंदर्य तिच्या बैठकीत असतं, मागची चाकं मोठी, पुढची लहान, गाडी नाकावर किंचित झुकलेली. माझे मागचे टायर ३० इंच उंच आहेत, पुढचे २६. चाकं जमिनीवर ठेवायची, मधे लाकडी ठोकळ्यांवर चॅसी ठेवायची, तिच्यावर बॉडी, आणि मग ठोकळे काढत-घालत, चाकं पुढे-मागे सरकवत, रस्त्यापलीकडे जाऊन बघायचं. मी हे दोन आठवडे केलं. रोज संध्याकाळी गॅरेज उघडायचो, बघायचो, मागचा एक ठोकळा पाऊण इंचाने कमी करायचो, परत रस्ता ओलांडायचो. बायको म्हणाली, तू गाडी बांधतोयस की गणपतीची आरास करतोयस. पण ज्या दिवशी बैठक बरोबर आली त्या दिवशी तिलाही लगेच कळलं, म्हणाली आता हात लावू नको. मग प्रत्येक उंची टेपने मोजून भिंतीवर मार्करने लिहिली, आणि पुढच्या तीन वर्षांत जे काही वेल्ड केलं ते त्या भिंतीवरच्या आकड्यांना धरून.

बैठक ठरवताना एक नियम पाळायचा, चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली नको, ना इंजिनचा पॅन, ना पुढचा दांडा, ना ब्रेकची नळी. टायर फुटून गाडी रिमवर आली तर जो भाग खाली लोंबतोय तोच आधी रस्त्यात रुतेल. एका रिमच्या तळापासून दुसऱ्याच्या तळापर्यंत, उभ्या-आडव्या-तिरक्या दोऱ्या ताणून बघा, दोरीला काही लागता कामा नये.

चॅसी. मॉडेल एची मूळ चॅसी चाळीस हॉर्सपॉवरच्या चार सिलिंडरसाठी होती, उघड्या पन्हाळीसारखे रेल, व्ही-८ चा पीळ तिला सोसत नाही. दोन रस्ते आहेत, नवीन चौकोनी पाइपची चॅसी बनवा किंवा जुन्याच रेलची उघडी बाजू ३/१६ इंची पट्टीने बंद करा, ज्याला बॉक्सिंग म्हणतात. मी जुनी ठेवली कारण नंबर तिच्यावर आहे. गॅरेजची फरशी सपाट नसते हे लक्षात ठेवा, पाणी बाहेर जावं म्हणून तिला दरवाजाकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे चॅसी चार स्क्रूच्या स्टँडवर ठेवून लेव्हल करून घ्या. मी फरशीवर मधोमध सूत मारलं, निळीत बुडवलेली दोरी ताणून, आणि चॅसीवरच्या प्रत्येक मापाला ओळंबा सोडून खाली खूण केली. ओळंबा वडिलांचा आहे, पितळी, बांधकामावर त्यांनी वापरलेला, येताना बॅगेत घालून आणला होता. खुणा झाल्या की कर्ण मोजायचे, पुढच्या डाव्या टोकापासून मागच्या उजव्या टोकापर्यंत आणि उलट, दोन्ही सारखे आले म्हणजे चॅसी काटकोनात आहे. माझ्यात पाव इंचाचा फरक होता, कधीतरी ठोकर बसलेली असणार. साखळी आणि जॅकने ओढून सरळ केली, मग आडवे तात्पुरते दांडे टाके मारून लावले की वेल्डिंगच्या उष्णतेने परत वाकू नये. बॉक्सिंग करताना इंचभर वेल्ड एका टोकाला, पुढचा इंच दुसऱ्या टोकाला, मग पलीकडच्या रेलवर, असं फिरत राहायचं आणि हात लावून बघायचं, हात ठेववत नाही इतकं तापलं तर चहा प्यायला जायचं. सलग ओढत नेलं तर रेल केळ्यासारखा वाकतो आणि मग तो सरळ होत नाही.

पुढचा भाग मी जुन्या पद्धतीचा ठेवला, चार इंच खाली आणलेला सरळ एक्सेल आणि एकच आडवा पाटा, मॉडेल एला मुळातच आडवे पाटे असतात. यात कॅस्टर म्हणजे किंगपिन (चाक वळतं तो खिळा) मागे किती झुकलीय तो कोन पाच ते सात अंश हवा, आणि तो मोजायचा गाडी शेवटच्या बैठकीत असताना, चॅसी लेव्हल असताना नाही, नाहीतर गाडी नाकावर झुकली की तेवढा कोन कमी होतो आणि स्टेअरिंग भिरभिरायला लागतं. स्टेअरिंगला वेगा (शेव्हरोलेची जुनी छोटी गाडी) टाइपचा छोटा बॉक्स, त्याचा लांब दांडा पलीकडच्या चाकाला जातो. इथे एक पॅनहार्ड बार, म्हणजे एक्सेलला चॅसीशी आडवा धरून ठेवणारा दांडा, लागतोच, कारण आडवा पाटा शॅकलवर (टोकाच्या झुलत्या कड्यांवर) डावीउजवीकडे झुलतो आणि एक्सेल झुलला की स्टेअरिंग आपोआप फिरतं. तो बार स्टेअरिंगच्या दांड्याला समांतर आणि जवळपास तेवढ्याच लांबीचा ठेवा, म्हणजे खड्ड्यात दोघं एकाच कमानीत हलतात. टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढून किती आत वळलीत ते, घरीच बघता येतं, टायर फिरवत मधोमध खिळ्याने एक रेघ ओढायची, मग दोन्ही टायरच्या रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजायचं, पुढून १/१६ ते १/८ इंच कमी हवं.

मागचा एक्सेल आणि इंजिन मी दोन्ही एकाच भंगारातल्या फोर्ड एक्सप्लोररमधून काढले आणि मला वाटतं पहिल्या गाडीसाठी याहून चांगला सौदा नाही. १९९५ ते २००१ च्या एक्सप्लोररचा ८.८ इंची एक्सेल दणकट, डिस्क ब्रेक असलेला, आणि त्यातच पार्किंग ब्रेक. एक्सेल सुमारे साडे एकोणसाठ इंच रुंद आहे आणि पिनियन (प्रोपेलर शाफ्ट जिथे एक्सेलला जोडतो तो गिअर) मधोमध नाही, उजवीकडे सरकलेला. जुनी युक्ती अशी की डावी नळी लांब असते, ती तीनेक इंच कापायची आणि दोन्ही बाजूंना उजवाच शाफ्ट घालायचा, एक्सेल अरुंदही होतो आणि पिनियन मधेही येतो. पण ते वेल्डिंग घरी करू नका, आतून सरळ दांडा घालून नळ्या एका रेषेत धरणारा वर्कशॉप शोधा. कोन असा, इंजिन-गिअरबॉक्स मागे तीन अंश खाली, पिनियन तीन अंश वर, म्हणजे दोन्ही समांतर, नाहीतर युजे क्रॉस (शाफ्टचा वळणारा सांधा) लवकर जातो आणि गाडी थरथरते.

एक्सप्लोररच्या चाकांचे पाच बोल्ट साडेचार इंचाच्या वर्तुळावर आहेत. पुढच्या डिस्क ब्रेकचं किट घेताना मी हे बघितलंच नाही आणि पावणेपाच इंचाच्या रोटरचं किट आलं, चाकं चढेनात. रोटर बदलून मिळाले पण सहा आठवडे गेले. रिम, रोटर, एक्सेल, तिन्हींचं वर्तुळ एका कागदावर लिहून तो पाकिटात ठेवा.

इंजिन. फोर्डमध्ये शेव्हीचं म्हणजे शेव्हरोलेचं ३५० (क्युबिक इंचाचं व्ही-८) घालणारे खूप आहेत, इंजिन चांगलंच आहे, पण त्याचा डिस्ट्रिब्युटर मागे असतो आणि मॉडेल एची फायरवॉल (इंजिन आणि बसायच्या जागेमधली भिंत) त्याला आडवी येते, ती कापून आत ढकलावी लागते. फोर्ड ३०२ चा डिस्ट्रिब्युटर पुढे, इंजिन अरुंद, वजनालाही हलकं. एक्सप्लोररच्या ३०२ मध्ये रोलर कॅम (कमी घासणारा, रोलरवर चालणारा कॅम) येतो आणि पुढचा बेल्टचा सगळा सेट आखूड असतो, रेडिएटरला जागा सुटते. आता त्याच्या खोड्या सांगतो, कारण या मला एकेक करून कळल्या. हे इंजिन ५० औंसाच्या बॅलन्सचं, जुनी ३०२ २८ औंसाची, फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या मागची, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला जोडणारी तबकडी) आणि क्रँकच्या पुढचा बॅलन्सर जुळणारेच घ्या. याची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-७-२-६-५-४-८, जुन्या ३०२ ची १-५-४-२-६-३-७-८, जुन्या मॅन्युअलमधून बघून वायरी लावल्या तर कार्ब्युरेटरमधून भडका येतो. बेल्टच्या मागच्या बाजूने चालणारा वॉटर पंप उलटा फिरतो, दुकानात साधा ३०२ चा पंप मागितला तर चुकीचा हातात देतील. कार्ब्युरेटर लावायचा तर डिस्ट्रिब्युटर नवीन लागतो आणि त्याचा गिअर स्टीलचाच हवा, बिडाचा गिअर रोलर कॅमवर झिजून त्याचं पीठ होतं. उत्तरार्धातल्या एक्सप्लोररना जीटी-४०-पी नावाची हेड आहेत, हवा छान घेतात पण स्पार्क प्लगचा कोन वेगळा, साधे हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) प्लगच्या टोपीला टेकतात, त्यांच्यासाठीच बनवलेले घ्या. तेलाचा पॅन मागे खोलगट असलेला लावा, पुढचा खोलगट आडव्या मेंबरवर बसतो. गिअरबॉक्स मी सी-४ लावला, हलका, साधा, तीन गिअरचा ऑटोमॅटिक.

इंजिन आत ठेवायच्या आधी सीट, स्टेअरिंग, पॅडल यांची कच्ची मांडणी करा. मी उलट्या बादलीवर बसायचो, स्टेअरिंग दोरीने छताला टांगलेलं, बायको माझ्या गुडघ्यापासून खालच्या कडेपर्यंत टेप लावायची. ज्या बुटात गाडी चालवणार तेच बूट घाला, मी आधी सपाता घालून बसलो आणि पॅडल दीड इंच जवळ आले. मॉडेल एची पेट्रोलची टाकी मुळात तुमच्या गुडघ्यांच्या वर, डॅशबोर्डच्या मागे असते, ती तिथे ठेवू नका, मागे नवीन टाकी बसवा. आणि जुनी कापायची असेल तर आधी आतली पेट्रोलची वाफ पूर्ण काढून देणाऱ्याकडून साफ करून घ्या, रिकामी पेट्रोलची टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची असते.

ब्रेक. गाडी चालली नाही तर पश्चात्ताप होईल, थांबली नाही तर पश्चात्तापाला माणूस उरत नाही, म्हणून इथे एक पैसा वाचवू नका. डबल मास्टर सिलिंडर, बूस्टर नसेल तर पॅडलचा लिव्हर सहास एक. हॉट रॉडमध्ये मास्टर सिलिंडर पायाखाली चॅसीवर बसतो, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली, आणि ऑइल परत उतरून येतं, मग पहिल्या दाबाला पॅडल खोल जातं. त्यासाठी डिस्कच्या लाइनमध्ये २ पीएसआयचे रेसिड्युअल व्हॉल्व्ह लावायचे, मागच्या लाइनमध्ये ॲडजस्ट होणारा, मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. नळी ३/१६ इंची, निकेल-कॉपरची घेतली तर हाताने वळते. तिच्या टोकाला डबल फ्लेअर, म्हणजे कड स्वतःवर दुमडलेली, सिंगल नको. नळी कापल्यावर आत उरलेली धारदार कड रीमरने काढा, टोक कानसेने सपाट करा, आणि फ्लेअर करायच्या आधी नट नळीत घातलाय ना बघा. ब्लीड करताना, म्हणजे लाइनमधली हवा काढताना, सगळ्यात लांबचं चाक आधी.

नंतर हे करा, याला काही खर्च नाही. सीट आणि ब्रेक पॅडलच्या मधे लाकडी काठी घट्ट अडकवून रात्रभर दाब ठेवा, आणि प्रत्येक जोडाखाली पुठ्ठ्याचा कोरडा तुकडा. सकाळी माझ्या मागच्या उजव्या जोडाखाली पुठ्ठ्यावर रुपयाएवढा ओला डाग होता. फ्लेअर खोलून भिंगातून बघितला तर कडेवर केसाएवढी चीर. दिवसा पन्नास वेळा दाबून बघितलं होतं, काही दिसलं नव्हतं. ब्रेक ऑइल रंग खातं, रंगवलेल्या चॅसीवर हा थेंब पडला असता तर तिथला रंग फुगून निघाला असता, म्हणून म्हणतो सगळं आधी उघड्या लोखंडात.

बाकीचं पटकन. या इंजिनाला पुढे मेकॅनिकल पेट्रोल पंपाची सोय नाही, इलेक्ट्रिक पंप लावा, कार्ब्युरेटरला पाच-सहा पीएसआय पुरतात. एक्सप्लोररमध्ये धडक बसली की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो, तो भंगारात सोडून येऊ नका. फॅनला पूर्ण रेडिएटर झाकणारं कव्हर हवंच, नुसता फॅन चिकटवला तर तेवढ्याच गोलातून हवा जाते आणि गाडी ट्रॅफिकमध्ये उकळते. वायरिंग तयार किट घेऊन करा, आणि इंजिन ते चॅसी, चॅसी ते बॉडी, बॅटरी ते इंजिन अशा जाड अर्थिंगच्या पट्ट्या रंग खरवडून लावा, लाइट मिणमिणण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

पहिल्यांदा इंजिन चालू करायच्या आधी तेल फिरवून घ्या. डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकातून, तेलाच्या पंपाला फिरवणाऱ्या आतल्या पाव इंची षटकोनी दांड्यावर लांब सॉकेट बसवायचा आणि ड्रिलने उलटा फिरवायचा. आधी ड्रिल मोकळा फिरतो, मग एकदम हाताला जड लागतं, मनगट वळतं, आणि त्याच क्षणी गेजचा काटा उठतो. रोलर कॅम असल्याने, साध्या नव्या कॅमसाठी करावी लागते तशी इंजिन वीस मिनिटं जोरात पळवायची भानगड नाही. गॅरेजचा दरवाजा पूर्ण उघडा, गाडीचं तोंड आत आणि एक्झॉस्ट बाहेर, अग्निशामक एखाद्याच्या हातात.

विमा आणि नंबर प्लेट घेऊन मी ती तशीच, गंजलेली, कुठे कुठे मार्करच्या खुणा असलेली, दोन महिने चालवली. त्यात काय काय निघालं बघा, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा डावा टायर रेडियस रॉडला (एक्सेलला चॅसीशी मागे धरून ठेवणाऱ्या दांड्याला) घासायचा, म्हणून एक्सेलवर स्टेअरिंगचे थांबे वेल्ड करावे लागले, उजव्या पायाखालची फरशी एक्झॉस्टमुळे इतकी तापायची की बुटाचा सोल मऊ पडला, तिथे उष्णतेचा पत्रा आला, दरवाजा खड्ड्यात आपोआप उघडला, तिसऱ्या बिजागरीजवळ बॉडीला आधार नव्हता, आणि मागच्या टायरने उडवलेला खडा सरळ माझ्या शेजाऱ्याच्या कारवर. एकूण एकवीस गोष्टी वहीत लिहिल्या, त्यातल्या चौदांना वेल्डर लागला. रंग आधी दिला असता तर चौदा ठिकाणी जाळला असता.

मग खोलायची. फोटो काढा, प्रत्येक जोडाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. चॅसी घासून एपॉक्सी प्रायमर, त्यावर रंग. बॉडीला लांबी (खड्डे भरायची पुट्टी) जितकी कमी तितकी बरी, आधी डॉली (पत्र्यामागे धरायचा ठोकळा) आणि हातोड्याने पत्रा जवळ आणा, लांबी फक्त शेवटच्या मिलिमीटरसाठी, जाड भरली की थंडी-उन्हात तडकते आणि मिशिगनमध्ये दोन्ही भरपूर आहे. डेट्रॉइटच्या ऑटोरामाला, म्हणजे तिथल्या गाड्यांच्या प्रदर्शनाला, गेलात तर वरच्या मजल्यावरच्या आरशासारख्या गाड्या बघून झाल्यावर खालच्या मजल्यावर जा, तिथे जुन्या पद्धतीच्या, बऱ्याचशा प्रायमरमधल्या गाड्या असतात, वाकून खाली बघा, लोकांनी ब्रेकच्या नळ्या कशा वळवल्यात, पाना जायला जागा कुठे ठेवलीय, आणि मालकाला विचारा, सगळे सांगतात.

जोडताना नायलॉनचे लॉक नट सगळे नवीन घाला, कच्च्या मांडणीतले दोन-चारदा खोललेले असतात, त्यांची पकड गेलेली असते. पहिल्या शंभर मैलांनंतर स्टेअरिंग, एक्सेल आणि ब्रेकच्या प्रत्येक नटाला पाना लावून बघा, आणि जो घट्ट आहे त्यावर पिवळ्या पेंट मार्करने नटापासून चॅसीपर्यंत एक सरळ रेघ मारा. पुढच्या वेळी टॉर्च घेऊन खाली सरकलात की नुसत्या नजरेने कळतं कुठली रेघ तुटलीय.